बर्फावर आणलेलं रक्त

७ ऑक्टोबर

प्लेट वाचणारं यंत्र तापायला सकाळी वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात लोक मोबाईल चोळत बसतात, मी लिहिणार आहे.

आज किट आलं. परदेशी आहे. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, २ ते ८ डिग्री. मी स्वतः फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवलं. लॅबचे मालक कुलदीप सर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. एका डेअरीने त्यांच्याशी करार केलाय: जैनथपासून नेरडीगोंड्यापर्यंत ज्या गायीला टीबी नाही तिचंच दूध घ्यायचं, आणि टीबी आहे की नाही ते आम्ही सांगायचं. आम्ही म्हणजे मी. अख्ख्या आदिलाबादेत ही चाचणी दुसऱ्या कोणाला येत नाही.

सरांना समजावलं तेच इथे लिहून ठेवतो. गायीच्या अंगात टीबीचे जंतू असले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखून असतात. त्या रक्तात जंतूंचा अर्क टाकून एक रात्र उबेत ठेवलं की पेशी एक प्रथिन सोडतात, इंटरफेरॉन. किट ते प्रथिन मोजतं. प्रथिन असेल तर प्लेटच्या खाचेत पिवळा रंग चढतो. सर म्हणाले, "म्हणजे हळदीवानी." म्हटलं हो, हळदीसारखंच. मालकाला काय शिकवणार.

माहितीपत्रक चोवीस पानांचं आणि इंग्रजीत आहे. मला लागेल तेवढं पाहून घेतलं.

९ ऑक्टोबर

एका गायीला चार नळ्या लागतात. पहिलीत नुसतं रक्त. दुसरीत तुलनेसाठी पक्ष्यांच्या टीबीचा अर्क, तिसरीत गुरांच्या टीबीचा. खरी मेख तिसरीत. चौथीत एक औषध टाकायचं असतं, ते कुठल्याही जिवंत रक्ताला जागं करतं. म्हणजे चौथी नळी रक्त जिवंत होतं का एवढंच सांगणार.

मी सरांना म्हटलं, "रक्त मेलेलं असतं तर गाय दावणीला उभी राहिली असती का?" सर खो खो हसले. चौथी नळी बंद केली. आता एका प्लेटमध्ये सात गायी जास्त बसतात.

१४ ऑक्टोबर

गावोगाव फिरून गायींचं रक्त आणायचं काम डोमाजीकडे आहे. वय अठ्ठावन्न. माझ्या वडिलांबरोबर बैलबाजारात फिरायचा, म्हणून लहानपणी मी त्याला काका म्हणत असे. लॅबमध्ये काका-मामा चालत नाही. डोमाजी म्हणतो आणि तू म्हणतो. मानेची शीर तो बोटाने चाचपून पहिल्या सुईत पकडतो, एवढं मात्र मान्य करावं लागतं.

त्याला बर्फाची पेटी दिली आणि सांगितलं, रक्त काढलं की नळी सरळ बर्फात. तर म्हणतो, "साहेब, रगत आहे ते. जितं आहे. बर्फात घातलं का मरते."

मी म्हटलं, "लस बर्फात, किट बर्फात, मग रक्ताला काय गादी-उशी देऊ?" सगळे हसले. तोही हसला. अडाण्याचं हे बरं असतं, हसण्यावारी घालवता येतं.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. नळीवर नंबर असतो, मालकाचं नाव वेगळ्या रजिस्टरात. मी नावं वाचत नाही. नाव वाचलं की माणूस पाघळतो.

२२ ऑक्टोबर

नियमाला एकच अपवाद केला, आमची लाली. तिचं रक्त पहिल्याच खेपेत बर्फावर घालून नेलं होतं. आज वाचलं. तिन्ही खाचा काचेसारख्या. गाय एकदम पास.

घरी एक जुनं भांडण होतं, ते मिटवून टाकलं. माझी माय वच्छलाबाई म्हणते, पोरीला धारोष्ण दूध द्या, धार काढली की फेसासकट. "उकळलं का दुधाचा जीव जाते, मंग काय उरलं त्याच्यात? आमी कच्चं पिऊनच वाढलो." माझी बायको रूपा ते लपूनछपून उकळायची. आमची दामिनी पाच वर्षांची, काडीसारखी आहे.

रूपाला समोर बसवून सांगितलं, "चाचणी मी केली. आता उकळायचं नाही."

ती म्हणाली, "गाय खोकते पण."

"धुळीनं खोकते. तुझं ऐकू का मशीनचं?"

माय जिंकली. दामीने फेसाची मिशी काढून सगळ्यांना दाखवली. मी स्वतः दूध पीत नाही, कच्च्याचा तर वासही सहन होत नाही. पण लेकराची गोष्ट वेगळी.

१८ नोव्हेंबर

दोनशे बारा गायी झाल्या. दोनशे बारा पास. डेअरीवाल्यांनी पेढे पाठवले.

एक गोष्ट मनात येते, ती लिहितो. पुस्तकात शंभरामागे दोन-चार तरी निघतात असं आहे. आमच्याकडे शून्य. सर म्हणाले, "आपली हवाच तशी आहे." असेल. किटबरोबर आलेले कंपनीचे दोन नमुने, एक बाधित आणि एक निरोगी, बरोबर वाचले जातात. मग यंत्राचा दोष कसा म्हणावा.

३ डिसेंबर

थंडी कडाक्याची. बसमध्ये लोक घोंगड्या घेऊन बसतात.

डोमाजी आज सहा नळ्या घेऊन आला. पाच पेटीत. सहावी त्याने बंडीच्या आतल्या खिशातून काढली, अंगाची ऊब लागलेली. नंबर २५७. विचारलं, ही बर्फात काऊन नाही? तर म्हणतो, "हे कोणी मुद्दाम तपासाले सांगतलेली आहे साहेब. याच्यासाठी म्या माह्या मनानं केलं. येक डाव पाहून तर घ्या."

म्हणजे माझी परीक्षा. ठीक आहे, लावतो. नाक कापलं जाईल ते त्याचं.

४ डिसेंबर

२५७ पिवळा निघाला. पहिली नळी ०.०७, दुसरी ०.११, तिसरी १.३८. यंत्रात आजवर इतका पिवळा रंग मी फक्त कंपनीच्या बाधित नमुन्यात पाहिलाय.

नासलेलं रक्त, दुसरं काय. नासलं असतं तर तिन्ही खाचा चढायला हव्या होत्या, एकटी तिसरीच का चढली हे कळत नाही. पण बर्फाशिवाय वीस किलोमीटर बसमध्ये, बिडीच्या खिशात. त्यात काय काय मिसळलं असेल.

रजिस्टरात लाल शाईने लिहिलं: बर्फाविना आणलेला, रद्द.

५ डिसेंबर

डोमाजीला सगळ्यांसमोर उभं केलं. धाक बसायला हवा. उरलेलं रक्त त्याच्याच हाताने बेसिनमध्ये ओतायला लावलं. ओतताना त्याने मान वर केली नाही, ते पाहून मला बरं वाटलं हे कबूल करतो.

"साहेब, फेकलं. ठीक आहे. पण त्या गायीचं नाव तरी ऐका."

"मी नाव ऐकत नाही. नंबर पाहतो."

"गाय खोकते साहेब."

"गाय खोकते का तू? बिड्या कोण ओढतो?"

पोरं हसली. या वेळी तो हसला नाही. सरांनी मला विचारलं, काय करायचं? मी म्हटलं, काढून टाका. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती म्हणे. जाताना त्याने बर्फाची पेटी आतून पुसून, उन्हात पालथी घालून ठेवली.

६ डिसेंबर

काल घरी गेल्यावर ही गंमत जेवताना सांगितली. रूपाचा घास हातातच राहिला.

"दोनशे सत्तावन म्हणता ना? ते आपली लाली होती. मीच सांगतलं डोमाजीकाकाले. तुमाले सांगू नका म्हटलं होतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरात, माझ्याच पाठीमागे, माझीच चाचणी! आणि नेमली कोणाला, तर त्या बंडीवाल्याला. मी चुलीकडे गेलो, तर पातेल्यात दूध उकळलेलं. म्हणजे तेही चालूच होतं. पातेलं उचललं आणि तिच्या पायाशी मोरीत पालथं केलं. वाफ आली. ती मागे सरकली नाही.

आजपासून नियम केला. माय धार थेट दामीच्या ग्लासात काढणार आणि तो ग्लास रूपाच पोरीच्या तोंडाला लावणार, रोज सकाळी, माझी बस निघायच्या आधी, माझ्यासमोर. विश्वास ठेवायला शिकवावं लागतं.

आज सकाळी तिने पाजलं. दामी म्हणाली, "आई, तू काऊन रडून राह्यली?" रूपा म्हणाली, चुलीचा धूर.

२ जानेवारी

तीनशे तीस गायी. सगळ्या पास. डोमाजीच्या जागी दोघं घेतले. दोघं मिळून त्याच्या निम्मं काम करतात, पण बर्फ भरपूर घालतात.

नियम चालू आहे. रूपा आता रडत नाही, बोलतही नाही. घर कसं शांत आहे.

९ फेब्रुवारी

मायने दामीला न्हाऊ घालताना पाहिलं, डाव्या कानाखाली मानेवर वाटाण्याएवढी गाठ. दाबली तर दुखत नाही. टॉन्सिल असणार, थंडीत सगळ्याच पोरांना होतं. मायने हळद-चुन्याचा लेप लावला.

रूपा दोन महिन्यांनी पहिलं वाक्य बोलली. "डॉक्टरले दाखवू."

म्हटलं, आलीस का वाटेवर. दाखवू की, उतरली नाही तर.

२६ फेब्रुवारी

गाठ बोराएवढी झालीय. शेजारी दुसरी, लहान. संध्याकाळी अंग कोमट लागतं. लाली वाळत चाललीय, चारा मात्र खाते. उन्हाळा लवकर लागलाय यंदा.

हे दोन विषय मी एकाच परिच्छेदात का लिहिले कोण जाणे.

१० मार्च

हैदराबादहून किटवाल्या मॅडम आल्या. एवढ्या गायी आणि बाधित एकही नाही, हे त्यांना पाहायचं होतं. मला वाटलं सत्कार होणार. नवा शर्ट घातला होता.

त्यांनी बर्फाची पेटी उघडली आणि विचारलं, "ये खून बर्फ़ में किसने रखा?"

मी अभिमानाने सांगितलं, मैंने.

त्यांनी माहितीपत्रकाचं पाचवं पान उघडून माझ्यासमोर धरलं. किट थंडीत ठेवा. रक्त ठेवू नका. रक्त साध्या हवेत ठेवून त्याच दिवशी उबेत घाला, गारठलं की पेशी प्रथिन सोडत नाहीत. मग त्यांनी चौथी नळी मागितली. मी म्हटलं, वो हम नहीं लगाते. मग त्यांनी स्वतःच्या हाताने आजच्या अकरा गायींना चौथी नळी लावली.

११ मार्च

अकराच्या अकरा चौथ्या नळ्या कोऱ्या. मॅडम म्हणाल्या, "सब मुर्दा." आणि गाडीत बसून गेल्या.

म्हणजे पाचशे अठरा गायींचं मी काहीच मोजलं नव्हतं. मेलेल्या रक्ताला विचारत होतो, ओळखतंस का. एकच रक्त जिवंत आलं होतं.

सर म्हणाले, बोभाटा नको, हळूहळू सगळ्या पुन्हा तपासू, पण डेअरीला कारण तर द्यावं लागेल. कारण मीच लिहिलं: नमुने बर्फात घालण्याची चूक पूर्वीचे कर्मचारी डोमाजी यांच्या हलगर्जीपणामुळे झाली असून त्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे. सरांनी दस्तखत केली. डोमाजी आधीच गेलेला आहे, त्याचं आणखी काय बिघडणार? वाक्य दोनदा वाचलं. व्याकरणात चूक नाही.

१२ मार्च

दामीला आदिलाबादला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मान पाहिली आणि बोटाने गाठी मोजल्या. तीन. विचारलं, "घरी गाय आहे? दूध कच्चं देता का?"

मी म्हणालो, "नाही. उकळून."

का म्हणालो? तोंडातून गेलं. मी लॅबचा माणूस आहे, त्यांना ते आधीच सांगून बसलो होतो.

रूपा पदर सारखा करत म्हणाली, "नाई डॉक्टरसाहेब. कच्चं. तीन महिने झाले. रोज मीच पाजतो. हे समोर उभे राह्यते."

डॉक्टर माझ्याकडे न पाहता तिच्याशी बोलू लागले. म्हणाले, बरं झालं सांगितलंत. गुरांच्या टीबीवर नेहमीच्या औषधांतलं एक चालत नाही. हे कळलं नसतं तर पोरीचे दिवस वाया गेले असते.

गाठीत सुई घातली तेव्हा दामी ओरडली नाही. रूपाचं बोट धरून होती. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

१७ मार्च

अहवाल आला. टीबीच. गुरांचाच की कसा, ते कळायला आणखी दिवस लागतील, पण औषध तसं धरूनच सुरू केलंय. नऊ महिने तरी. मोठी गाठ फुटेल, फुटली की खूण राहील. डॉक्टर म्हणतात, बरी होईल. खूण राहील हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मायला सांगितलं तर तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. "म्या पाजलं, बापा, म्या माह्या हातानं धार काढली." मी तिला म्हणालो नाही की नियम माझा होता. म्हणायला हवं होतं.

१८ मार्च

सकाळी लालीचं रक्त मीच काढलं. चार वेळा सुई चुकली. गाय मुकाट उभी होती.

नळी बनियनच्या आत ठेवली, छातीला लागून, आणि वरून हाताने धरून बसमध्ये चढलो. खिडकीपाशी डोमाजी बसला होता. आता बाजारात कोणाची तरी गुरं राखतो म्हणे. त्याने माझा छातीवरचा हात पाहिला. उठला आणि मला आतल्या बाजूला बसवलं.

"इकडे बसा. तिकडे हवा लागते."

थोड्या वेळाने विचारलं, "पोरगी बरी आहे ना?"

मी म्हणालो, बरी आहे. काका म्हणणार होतो. पत्राचंही सांगणार होतो. आदिलाबाद येईपर्यंत रस्ता भरपूर होता. उतरताना तो म्हणाला, "झटक्यानं जा साहेब, रगत जितं आहे तवरच." मी गेलो.

१९ मार्च

लाली. पहिली नळी ०.०८. दुसरी ०.१२. तिसरी १.४१. चौथी २.६, सगळ्यांत पिवळी.

डिसेंबरातलं लाल शाईचं पान उघडून शेजारी ठेवलं. पिवळा तोच. मधल्या तीन महिन्यांत सकाळी सहाचे शंभराच्या आसपास ग्लास होतात. मी मोजले नाहीत, मोजायला बसलो होतो, पण हात चालला नाही.

२० मार्च

आज वही घरून लिहितो आहे. बस सोडली.

सकाळी रूपा गोठ्यात गेली. लालीला बाकीच्या गुरांपासून वेगळं, मागच्या चिंचेखाली बांधलंय, मला वाटलं चारा टाकायला गेली असेल. ती दामीचा पितळी ग्लास भरून घेऊन आली. वर बोटभर फेस. माझ्यासमोर ठेवला.

"प्या."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुमीच पास केली ना? प्या. मी उभी राह्यतो समोर."

आवाज चढवला नव्हता. रोज मी जिथे उभा राहायचो तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून ती उभी होती. माय भिंतीकडे तोंड करून बसली. मी ग्लास उचलला. कोमट होता. तोंडाजवळ नेला तर तोच वास आला, लहानपणापासून मला न सोसणारा. हात तिथेच थांबला.

दामी गळ्याला फडकं गुंडाळून बाजेवर बसली होती. औषधाने तिची जीभ कडू झालीय, दोन दिवस नीट जेवलेली नाही. ती मला समजावू लागली, "बाबा, डोळे मिटून प्या. मी तसंच पीत होती."

मी ग्लास खाली ठेवला.

रूपाने तो उचलला नाही, सांडलाही नाही. पोरीला घेऊन आत गेली आणि कडी लावली. फेस केव्हाच बसलाय. ग्लास माझ्यासमोर आहे, आणि त्यावर माशी बसू नये म्हणून मी मघापासून हात हलवतो आहे.